थोर प्रेमाचा खर्च कोणीं भरला?

(मुलींच्या एका वसतिगृहाच्या वार्षिक मेळाव्यांत पालक, विद्यार्थिनी व गांवकरी मंडळींपुढें झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मला आज एका प्रेमकथेविषयीं बोलावयाचें आहे. वसतिगृहाच्या मेळाव्यांत प्रेमकथा कशाला, असें कांहीं वडील माणसांच्या मनांत येईल. काढणीचें काम टाकून, दोन दोन एसट्या बदलून तुम्ही आलां, तें मुलींचे निकाल ऐकावयास. कोणा परक्या देशांतल्या प्रेमिकांचे उसासे ऐकावयास नव्हे. पण थोडा धीर धरा. ही गोष्ट शेवटीं वसतिगृहाच्याच दाराशीं येऊन थांबते. याच घरांतल्या एका मुलीच्या उशाशीं मीं हें पुस्तक पाहिलें, म्हणून आजचा विषय घेतला.

दक्षिण अमेरिकेंत कोलंबिया नांवाचा देश आहे. तेथील गाब्रिएल गार्सिया मार्केस या ग्रंथकाराला १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि १९८५ सालीं त्याची ही कादंबरी स्पॅनिश भाषेंत निघाली. तिच्या नांवाचा आपल्या भाषेंत अर्थ करावयाचा तर 'पटकीच्या दिवसांतलें प्रेम' असा होईल. १९८८ सालीं ती इंग्रजींत आली, २००७ सालीं तिच्यावर चित्रपट निघाला, आणि आतां कॉलेजांतल्या मुलामुलींच्या हातीं ती खऱ्या प्रेमाचा ग्रंथ म्हणून पडते.

गोष्ट अशी. समुद्रकांठच्या एका जुन्या शहरांत फ्लोरेन्तिनो आरिसा नांवाचा गरीब पोरगा तारऑफिसांत काम करतो. फर्मिना दासा ही खेचरांच्या व्यापारावर पैसा केलेल्या बापाची मुलगी. दोघांचीं पत्रें सुरू होतात. पुढें ती मुलगी त्याला नाकारते आणि हुवेनाल उर्बिनो या बड्या घराण्यांतल्या डॉक्टराशीं लग्न करते. हा डॉक्टर पटकीशीं झुंजलेला, शहराचें भूषण समजला जाणारा. फ्लोरेन्तिनो मनाशीं ठरवितो कीं, हा डॉक्टर मरेपर्यंत आपण वाट पाहावयाची. तो वाट पाहतो, ५१ वर्षें, ९ महिने आणि ४ दिवस. म्हातारा डॉक्टर आंब्याच्या झाडावर बसलेला पोपट धरावयास शिडीवर चढतो, पडतो आणि मरतो. मग फ्लोरेन्तिनो विधवेपुढें उभा राहून आपलें प्रेम पुन्हां सांगतो. शेवटीं दोघे म्हातारे माग्दालेना नदीवरच्या आगबोटींत बसतात. बोटीवर पटकीचें पिवळें निशाण लावून इतर उतारू दूर ठेवतात, आणि प्रेमाची बोट खालींवर फिरत राहते.

हें ऐकतांना मन भरून येतें. माझेंही आलें. मार्केस मोठा लेखक आहे, त्याचा हात कसबी आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु सत्यशोधकाचा धर्म असा कीं, कोणत्याही थोर गोष्टीपुढें हात जोडण्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारावा: याचा खर्च कोणीं भरला? देवळाचा कळस सोन्याचा दिसला तर आपण विचारतों कीं, हें सोनें कोणाच्या घामाचें? मग प्रेमाच्या कळसालाच सूट कां द्यावी?

तर आतां आपण या प्रेमाचा जमाखर्च पाहूं. सोय अशी कीं, फ्लोरेन्तिनोनें स्वतःच वह्या ठेवल्या आहेत. फर्मिनाची वाट पाहतांना तो कांहीं जोगी होऊन राहिला नाहीं. इतर बायकांशीं आलेल्या संबंधांची तो नोंद करी. अशा सुमारें २५ वह्या भरल्या आणि त्यांत ६२२ नोंदी झाल्या. त्या केवळ टिकलेल्या संबंधांच्या. घडीभराच्या भेटी तर टिपण्याच्याही लायकीच्या ठरल्या नाहींत. आणि इतकें करून म्हातारपणीं हाच गृहस्थ फर्मिनाला सांगतो कीं, मीं तुझ्यासाठीं स्वतःला कोरा ठेवला! तिचाही त्यावर विश्वास बसत नाहीं. वाचक मात्र गालांत हंसतो आणि पान उलटतो.

वही म्हटली कीं आपल्या लोकांना कोणती वही आठवते, हें मीं सांगावयास नको. सावकाराच्या वहींत कुळाचें नांव असतें, आंगठा असतो, रक्कम असते. त्या सालीं त्या घरांत कोणी उपाशी निजलें काय, पोर औषधावांचून गेलें काय, हें त्या वहींत लिहिण्याची रीत नाहीं. फ्लोरेन्तिनोची आई बटणें-फितींचें दुकान चालवी आणि आंतून बुडीत गेलेल्या घरंदाज लोकांचे दागिने गहाण ठेवून घेई. पोरगा वही ठेवावयास घरांतच शिकला असेल. त्या ६२२ नोंदींतल्या सगळ्याच बायका दुःखी होत्या, असें मी म्हणत नाहीं. कांहीं विधवा होत्या, कांहीं स्वतंत्र होत्या, त्या आपल्या खुषीनें आल्या आणि खुषीनें गेल्या. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशीं. मी बोलणार आहें त्या इतर बायकांविषयीं. पुस्तक संपल्यावर ज्यांची आठवण कोणी काढीत नाहीं, त्यांच्याविषयीं.

पहिली बाई मोलकरीण आहे. फ्लोरेन्तिनोच्या घरीं कामाला असलेली ही पोरगी. तिच्या मनाचा कांहींएक विचार न करितां त्यानें तिला उभ्या उभ्या नासविलें. तिला दिवस गेले. मग त्यानें काय केलें? तिला एक सजविलेलें घर घेऊन दिलें आणि त्या मोबदल्यांत तिच्याकडून वदवून घेतलें कीं, हें पाप तिच्या रविवारच्या मित्राचें आहे. त्या बिचाऱ्यानें तिचा मुकाही घेतला नव्हता. पोरीचा बाप आणि चुलते ऊंस तोडणारे, हातांत कोयते. त्यांनीं त्या निरपराध पोराला धरून तिच्याशीं लग्न लावावयास भाग पाडलें. एवढें सगळें त्या जाड ग्रंथांत अवघ्या कांहीं ओळींत आहे.

ऊंसतोडीचा कोयता आपल्या ओळखीचा आहे. या गोष्टींत तो कोणावर उगारला गेला, तें लक्षांत घ्या. गरिबाचा कोयता गरिबावरच उगारला गेला. आगबोट कंपनीच्या साहेबाच्या अंगावर ओरखडाही उमटला नाहीं. पोरीच्या तोंडून जें नांव निघावयास हवें होतें, तें एका घराच्या किंमतीला विकत घेतलें गेलें. याला आपण प्रेमकथेंतली गंमत म्हणावें काय?

दुसरी बाई ओलिम्पिया सुलेता. हिचें लग्न झालेलें, आणि हिला कबुतरांचा नाद. एके दिवशीं वादळी वाऱ्यांत तिची छत्री मोडते, फ्लोरेन्तिनो आपल्या गाडींतून तिला घरीं पोंचवितो, आणि मग कबुतराच्या पायाला बांधून प्रेमाच्या चिठ्ठ्या पाठवूं लागतो. कित्येक महिने ती बधत नाहीं. शेवटीं ती येते. रंगकाम चाललेल्या एका बोटींत दोघे भेटतात, तेव्हां खेळाच्या भरांत तो जवळचा तांबडा रंग घेऊन तिच्या पोटावर आपल्या मालकीचे शब्द लिहितो. रात्रीं ती विसरून नवऱ्यासमोर कपडे बदलते. नवरा तोंडांतून एक शब्द काढीत नाहीं. वस्तरा आणतो आणि एका फटक्यांत तिचा गळा चिरतो.

आतां येथें दोन पुरुष आहेत. एकानें तिच्या अंगावर लिहिलें कीं ही माझी. दुसऱ्यानें वस्तऱ्यानें सांगितलें कीं ही माझी. शेताच्या बांधावरून दोन भाऊबंद भांडतात तेव्हां मार बांधाला बसत नाहीं, एकमेकांना बसतो. येथें दोघे शाबूत राहिले आणि बांधच उखडला गेला. आणि पुढें काय? खुनी पकडला जातो, आणि तो काय बोलला हें फ्लोरेन्तिनोला मागाहून कळतें. पुढें कित्येक वर्षें त्याच्या मनाला घोर लागतो. कशाचा? आपलीं सह्या केलेलीं पत्रें सांपडतील याचा, आणि त्याहून जास्त, ही भानगड फर्मिनाच्या कानीं जाईल याचा. ओलिम्पियाच्या थडग्यावर तो पुढें गुलाबाचें फूल ठेवतो, गुलाबाचें रोप लावतो, तें इतकें पसरतें कीं सारी स्मशानभूमी गुलाबांनीं भरून जाते. वाचकाला गुलाबाचा वास येतो. पण मुलींनो, गुलाब ही कांहीं साक्ष नव्हे. साक्ष द्यावयाची असती तर ती न्यायासनापुढें, आणि स्वतःच्या नांवानें द्यावी लागली असती.

तिसऱ्या बाईविषयीं थोडक्यांत सांगतें, कारण ती फ्लोरेन्तिनोच्या वहींतली नाहीं. ती त्या सभ्य डॉक्टराच्या आयुष्यांतली आहे. बार्बरा लिंच तिचें नांव. मिश्र रक्ताची, काळ्या वर्णाची, पाद्र्याची मुलगी, आणि स्वतः ईश्वरशास्त्राची पंडिता. म्हणजे विद्येनें ती डॉक्टराच्या तोडीची. तपासणीच्या निमित्तानें डॉक्टर तिच्या घरीं जाऊं लागतो. बायकोला कळतांच तो धर्मगुरूपुढें पाप कबूल करतो आणि त्या बाईचें तोंड पुन्हां पाहत नाहीं. फर्मिनाचा संताप होतो, तो नवरा चुकला म्हणून होतोच. पण ती बाई काळी, याचा डंख त्यांत मोठा असतो. पाहा, विद्या मिळाली, पदवी मिळाली, तरी वर्ण पुसला गेला नाहीं. ही गोष्ट समजावयास आपल्याला कोलंबियाचा भूगोल शिकावा लागत नाहीं. डॉक्टराचें पाप धुतलें गेलें, संसार पुन्हां सांधला गेला. पुढें त्या पंडितेचें काय झालें, याची चौकशी करावी असें त्या संसारांत कोणालाच वाटलें नाहीं.

आतां ज्या मुलीसाठीं मी आज उभी आहें, तिच्याकडे वळतें. तिचें नांव आमेरिका विकुन्या.

पुएर्तो पाद्रे नांवाच्या कोळ्यांच्या गांवची ही मुलगी. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मायबापांनीं तिला मोठ्या शहरांत पाठविली. कशासाठीं? शिक्षिका होण्यासाठीं. शहरांत ओळखीचें कोण? लांबच्या रक्ताच्या नात्यांतला, आगबोट कंपनीचा मोठा अधिकारी झालेला फ्लोरेन्तिनो आरिसा. त्याला त्यांनीं तिचा पालक नेमला. एक वळकटी आणि बाहुलीची शोभावी अशी लहानशी पत्र्याची ट्रंक घेऊन ती बोटींतून उतरली. वय १२. दांतांवर तार, गुडघ्यांवर शाळेंत पडून झालेलीं खरचटणीं.

येथें बसलेल्या आयांपैकीं कितीजणींनीं जूनमध्यें अशीच ट्रंक भरून दिली, तें मला ठाऊक आहे. मीही अशीच ट्रंक घेऊन एका वसतिगृहाच्या दाराशीं उभी राहिलें होतें. शनिवारीं पहारेकरी नांव पुकारी, 'तुझे पालक आले', आणि आम्ही धांवत सुटत असूं. त्या हांकेंत काय आनंद असतो, तो ज्या मुली घरापासून दूर राहिल्या त्यांनाच कळेल.

आमेरिकेलाही अशीच हांक येत असे. सत्तरी ओलांडलेला तिचा पालक सुट्टीच्या दिवशीं गाडी घेऊन येई. एक वर्षभर त्यानें तिला सर्कस दाखविली, बागेंत नेलें, आइस्क्रीम दिलें, आजोबासारखें बोट धरून हिंडविलें, आणि मग आपल्या एकांताच्या जागीं नेलें. ही जागा म्हणजे चोरटा कसाईखाना होता, असें सुचविणारा शब्द मार्केसनें स्वतः तेथें घातला आहे. त्याला कळत होतें. ज्या वेळीं डॉक्टराच्या मरणाच्या घंटा शहरांत वाजल्या, त्या वेळीं फ्लोरेन्तिनो या १४ वर्षांच्या मुलीपाशींच होता. त्याच्या आणि तिच्या वयांत ६० वर्षांहून जास्त अंतर होतें.

घंटा वाजली आणि त्याची जन्माची वाट पाहणी फळाला आली. आतां या मुलीचें काम संपलें. तो तिला सांगतो कीं, मी लग्न करणार आहें. त्या पोरीला वाटतें म्हातारा थट्टा करतो. मग तिला कळतें कीं ही थट्टा नव्हे. त्याचीं व फर्मिनाचीं पत्रें तिच्या हातीं लागतात, तीं ती वाचते. वर्गांत जी पहिली येत असे ती शेवटीं येऊं लागते. शाळेकडून पालकाला कळविलें जातें. पालक कोण? तोच. त्यानें तिच्या मायबापांना एक अक्षर कळविलें नाहीं, कारण मनांत अपराध होता. तिच्याशींही तो बोलला नाहीं, कारण ती आपलें नांव घेईल ही भीति होती. आहे तें तसेंच चालूं दिलें, आणि हा प्रेमवीर फर्मिनेबरोबर बोटींत बसून निघून गेला.

बोट वाटेंत असतांना तार येते. मुलगी गेली. शाळेच्या दवाखान्यांतून चोरलेली अफूच्या अर्काची बाटली तिनें पिऊन टाकली. कारण काय, तर परीक्षेंत नापास झाली. फ्लोरेन्तिनो स्वतः तारयंत्रावर बसतो. तरुणपणानंतर कित्येक वर्षांनीं तो कळ दाबतो, आणि कडकट्ट करीत सारी हकीकत विचारून घेतो. ज्या यंत्रावर त्याचें तरुणपण गेलें, त्याच यंत्रावर त्याला या पोरीच्या मरणाचा निरोप मिळाला. त्याला ठाऊक असतें कीं ही हकीकत अपुरी आहे. पण मुलीनें चिठ्ठी ठेवलेली नसते. कोणावर ठपका येईल असें एकही अक्षर मागें नसतें. तो तिची आठवण मनांतून पुसावयाचा निश्चय करतो, कारण त्याशिवाय त्याला जगतां आलें नसतें. पुढें एकदां स्नानगृहांत स्वतःला कोंडून घेऊन तो रडतो, आपलें तिच्यावर किती प्रेम होतें हें तेव्हां स्वतःशीं कबूल करतो, आणि डोळे पुसून पुन्हां बोटीच्या सुखांत शिरतो. बोट चालूंच राहते.

मायबापांनो, एवढ्यासाठींच मी हें पुस्तक घेऊन आलें. शिक्षिका व्हावयास आलेली कोळ्याची पोर मरते, आणि शाळेच्या कागदावर कारण लागतें, 'नापास'. आपल्याकडे अशा बातम्या छापून येतात तेव्हां त्याखालींही हेंच कारण असतें. खरेंही असेल. पण पहिली येणारी मुलगी नापास कां झाली, हें विचारावयाचें काम कोणाचें? ज्याचें काम होतें, त्याच माणसानें तिचें मन मोडलें होतें. आणि चिठ्ठी नाहीं म्हणून तो निर्दोष!

आपल्या देशांत २०१२ सालीं बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. १८ वर्षांखालील मुलीची संमति त्यांत संमति धरली जात नाहीं. आणि गुन्हा करणारा जर नात्याचा किंवा पालकाच्या जागचा असेल, तर तो गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. म्हणजे फ्लोरेन्तिनो आज येथें असता तर त्याला प्रेमवीर न म्हणतां आरोपी म्हटलें असतें. कायद्याला जें कळलें, तें रसिकाला कळूं नये काय?

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही गोष्टीला गोष्ट म्हणून वाचा, लेखकावर खटला कशाला भरतां? मी लेखकावर खटला भरीत नाहीं. त्यानें लपविलें नाहीं. मोलकरीण, कोयता, वस्तरा, तांबडा रंग, अफूची बाटली, न ठेवलेली चिठ्ठी, सारें त्यानें लिहून ठेवलें आहे. चोरट्या कसाईखान्याचा शब्दही त्याचाच. पण बोटीची मौज त्यानें इतक्या गोडीनें सांगितली कीं, वाचक त्या ओळींवरून उडी मारून जातो. वाटेंत पडलेलें प्रेत ओलांडून वरातींत सामील व्हावें, तसें. खटला भरावयाचा तर तो आपल्यावर, वाचणाऱ्यांवर भरला पाहिजे.

आणि आतां एक कडू गोष्ट सांगतें. ती आपल्या घरांतली आहे, म्हणून राग मानूं नका. हा फ्लोरेन्तिनो कोण होता? तो कोणी जन्मजात सरदार नव्हता. त्याची आई त्रान्सितो आरिसा ही मिश्र रक्ताची, गरीब बाई. बड्या आगबोटवाल्यानें तिच्यापासून हा मुलगा झाल्यावर त्याला आपलें नांव दिलें नाहीं. म्हणजे टाकलेल्या बाईचा हा टाकलेला पोर. त्यानें खालून सुरुवात केली, चुलत्याच्या कंपनींत पायरी पायरीनें चढला आणि मालकाच्या खुर्चीवर बसला. आईवर काय गुदरलें, हें त्याला सर्वांत जास्त ठाऊक. आणि त्यानेंच मोलकरणीला तेंच दिलें, जें त्याच्या बापानें त्याच्या आईला दिलें होतें!

आपल्या समाजांतलीं माणसें शिकलीं, साहेब झालीं, संस्थांचे चालक झालीं. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. यासाठींच शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत वसतिगृहें उघडलीं, कर्मवीर भाऊरावांनीं सातारच्या वसतिगृहांत पोरांना पोटाशीं धरलें. खेड्यांतला बाप शहरांतल्या आपल्या माणसाचें नांव पालक म्हणून लिहून देतो, तो याच भरंवशावर. पण वर चढलेला आपला माणूस म्हणजे आपोआप चांगला माणूस, असा हिशेब चुकीचा आहे. भटशाहीचा जुलूम आपण ओळखतों, कारण तो परका वाटतो. आपल्यांतला जुलूम नात्याचा हात धरून, खाऊ घेऊन येतो. तो ओळखावयास जास्त धैर्य लागतें.

या ग्रंथांत एक बाई मात्र वेगळी निघाली. तिचें नांव लिओना कासियानी. काळी, गरीब, तरुण. फ्लोरेन्तिनोला ती घोड्याच्या ट्रामसारख्या खेचराच्या गाडींत भेटली आणि त्यानें तिच्याविषयीं वाईट समज करून घेतला. तिनें त्याच्याकडे मागितली नोकरी. कंपनींत हलक्या कामावर लागली आणि अकलेच्या जोरावर असा कारभार हातीं घेतला कीं, तिच्यावांचून कंपनीचें पान हलेना. लहान असतांना तिच्यावरही एका अनोळखी पुरुषानें बळजबरी केली होती. पुढें फ्लोरेन्तिनोनें हात पुढें केला, तेव्हां तिनें तो बाजूला सारला. ती त्याच्या वहींतली नोंद झाली नाहीं. कां? ती अधिक पवित्र होती म्हणून नव्हे. तिच्यापाशीं स्वतःची खुर्ची होती आणि स्वतःचा पगार होता, म्हणून तिचा नकार ऐकला गेला. नकार तर ओलिम्पियानेंही कित्येक महिने दिला होता. तो नकार न मानतां, मोहांत पाडण्याची एक पायरी मानला गेला.

ज्यांना वाटतें कीं अशी टीका परदेशांतून आली, त्यांना मी आपल्याच घरांतली एक आठवण देतें. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ सालीं शिक्षा झाली आणि सगळीं पत्रें स्त्रीजातीला दोष देऊं लागलीं, तेव्हां ही बाई पेटून उठली. तिनें विचारलें कीं, त्या विधवेला त्या अवस्थेंत टाकणारा पुरुष कोठें आहे? तिनें त्या काळच्या नाटककादंबऱ्यांतल्या बायकांचाही समाचार घेतला, कारण पुरुष आपल्या सोयीच्या गोष्टी रचतात आणि बदनामी बाईच्या पदरीं बांधतात, हें तिला दिसलें होतें. तिच्यावर टीका उठली तेव्हां जोतीराव तिच्या बाजूनें उभे राहिले. त्यांनीं आणि सावित्रीबाईंनीं त्याआधींच, १८६३ सालीं, फसलेल्या विधवांनीं गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें म्हणून आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें होतें. नांव नसलेल्या बायकांना त्यांनीं दार उघडलें. आपण निदान त्यांच्याविषयीं छापलेल्या ओळी तरी सावकाश वाचूं या.

आतां कामाच्या चार गोष्टी सांगून संपवितें.

मायबापांनो, शहरांतला पालक नेमतांना त्याचा हुद्दा आणि नातें एवढेंच पाहूं नका. मुलगी सुट्टींत घरीं आली म्हणजे तिला एकटीला जवळ घेऊन विचारा, 'त्यांच्याकडे जावयास तुला बरें वाटतें का?' ती गप्प बसली, तर त्या गप्प बसण्याला उत्तर समजा. तिचे गुण एकदम उतरले तर आधीं कारण विचारा, रागवावयाचें तें मागून.

चालकांनो, दारावरची वही नीट ठेवा. कोणत्या मुलीला कोण घेऊन गेला, केव्हां परत आणली, हें लिहिलें पाहिजे. आणि त्या माणसाच्या पगडीकडे पाहून वही मिटूं नका. मुलीची तक्रार तिच्या पालकाकडेच पाठवावयाची, असा नियम असेल तर तो मोडा. आमेरिकेच्या शाळेनें नेमकें तेंच केलें.

वाचणाऱ्या तरुणांनो, जन्मभर एकीचा ध्यास घेणें म्हणजे प्रेम, असें कोणीं सांगितलें तर विचारा, तो ध्यास चालूं असतांना घरांत भांडीं कोण घासत होती आणि तिचें काय झालें. हा प्रश्न विचारल्यानें जें प्रेम मरेल, तें मरूं द्या.

आणि मुलींनो, तुम्हांला सांगावयाचें तें एवढेंच. हें पुस्तक लपवूं नका, वाचा. लिओनाची खुर्ची मिळेपर्यंत शिका. पण खुर्ची मिळेपर्यंत कोणी गप्प बसा म्हणेल तर तें ऐकूं नका. मन मोडलें, भीति वाटली, कोणाचा स्पर्श नकोसा झाला, तर त्याच दिवशीं मैत्रिणीला सांगा, बाईंना सांगा, आईला सांगा. एकीनें ऐकलें नाहीं तर दुसरीला सांगा. तुमची चूक आहे असें कोणी म्हणेल. त्याला म्हणावें, माझें वय काय आणि त्याचें वय काय, तें आधीं पाहा.

त्या कोळ्याच्या पोरीची ट्रंक कोणीं परत नेली, तें पुस्तकांत नाहीं. तिचे मायबाप पुएर्तो पाद्रेहून निघाले होते, एवढेंच आहे. तुम्ही आज येथें आलां आहांत, तुमच्या मुली तुमच्या शेजारीं बसल्या आहेत. मी खालीं बसल्यावर लगेच गाडी गांठण्याची घाई करूं नका. अर्धा तास तिच्या खोलींत जा, खाटेवर तिच्याजवळ बसा, आणि निकालाचा विषय न काढतां तिला बोलूं द्या.